पालट आणि वळण : ‘स्मृतिचित्रे’तील ख्रिस्ती शीलाची कल्पना

१

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाची मराठी समीक्षेने उपेक्षा केली, असे कोणी म्हणणार नाही. १९३४ पासून चार भागांत हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अखेरचा भाग लेखिकेच्या १९३६ मधील निधनानंतर वाचकांच्या हाती आला. तेव्हापासून त्याची बोलभाषा, त्यातील विनोद आणि निवेदनातील मोकळेपणा यांचे कौतुक सातत्याने होत आले आहे. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथाच्या शेजारी त्याला मानाचे स्थान मिळाले आहे. परंतु या कौतुकात एक विचित्र विभागणी दडलेली आहे. लेखिका ख्रिस्ती होती ही गोष्ट चरित्रविषयक तपशील म्हणून नोंदविली जाते आणि ग्रंथाच्या वाङ्मयीन गुणांची चर्चा सुरू होताच ती बाजूस ठेवली जाते. जणू ख्रिस्ती धर्म रेव्हरंड टिळकांचा आणि विनोद तेवढा लक्ष्मीबाईंचा!

मराठी ख्रिस्ती मंडळीच्या वाचनातही हीच विभागणी उलट बाजूने दिसते. तेथे हा ग्रंथ श्रद्धेची साक्ष म्हणून वाचला जातो, आणि त्यातील भांडणे, फजिती, रुसवेफुगवे यांकडे साक्षीला चिकटलेला गोड फापटपसारा म्हणून पाहिले जाते. एकाला ग्रंथ हवा आहे, पण त्यातला धर्म नको. दुसऱ्याला धर्म हवा आहे, पण ग्रंथ नको. या दोन्ही वाचनांत ‘स्मृतिचित्रे’चा मध्यवर्ती विषयच हातातून निसटतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तो विषय म्हणजे नित्याच्या संसारात ख्रिस्ती शील कसे घडते, हा होय. ग्रंथातील विनोद, प्रसंगांची सुटी मांडणी आणि नायकत्वाचा अभाव ही या घडणीची सजावट नाही. ते तिच्या कथनाचे अपरिहार्य रूप आहे. हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

आरंभी परिभाषेचा थोडा विचार करणे आवश्यक आहे. मराठी बायबलच्या वाचकाला ‘नीतिमत्त्व’ हा शब्द परिचित आहे. डोंगरावरील प्रवचनात ज्याची भूक आणि तहान सांगितली आहे ते हे नीतिमत्त्व. त्याचा अर्थ केवळ सदाचार असा नाही. देवासमोर माणूस योग्य ठरणे आणि माणसांमध्ये त्याने न्यायाने वागणे, असे दोन पदर त्याला आहेत. ‘शील’ हा शब्द जुन्या भारतीय परंपरेतून आलेला असून त्यात सवयीचा, स्वभावात मुरलेल्या वर्तनाचा अर्थ आहे. पहिला शब्द निवाड्याच्या भाषेतील, तर दुसरा घडणीच्या भाषेतील. पहिल्याचा कल क्षणाकडे, दुसऱ्याचा काळाकडे.

धर्मांतराच्या कथनात या दोहोंचा प्रश्न तीव्र होतो. धर्मांतर हा ‘पालट’ मानला, तर त्याला एक तारीख असते. बाप्तिस्म्यापूर्वीचा माणूस आणि बाप्तिस्म्यानंतरचा माणूस अशी कथनाची सरळ फाळणी होते. परंतु आपल्या भाषेत याच अनुभवाला जवळचा आणखी एक शब्द आहे : ‘वळण’. रस्ता दिशा बदलतो ते वळण. मुलांना लावले जाते तेही वळण. आणि अक्षर ओळखू येते तेही हाताच्या वळणावरूनच. दिशा बदलणे आणि सवय जडणे हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, हा मराठीचा एक लाभ आहे. ‘स्मृतिचित्रे’ हे पालटाचे नव्हे तर वळणाचे कथन आहे, हे या लेखाचे प्रतिपादन थोडक्यात मांडता येईल.

३

हे वेगळेपण नीट कळावे म्हणून लक्ष्मीबाईंच्या आधीची परंपरा पाहावयास हवी. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये बेळगावी झाला. त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ मध्ये आणि ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘अरुणोदय’ या नावातच त्या ग्रंथाचा घाट सूचित झाला आहे. आधी रात्र, मग पहाट. बालपणीचे धार्मिक संस्कार, मिशनच्या शाळेतील शिक्षण, मुंबईतील परमहंस मंडळीशी आलेला संबंध, संशय, वाद आणि अखेर निश्चय अशा क्रमाने निवेदक उजेडाकडे सरकतो. हे एका प्रामाणिक बुद्धिवंताचे कथन असून मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात त्याचे मोल मोठे आहे. परंतु सूर्य उगवला की कथनाचे प्रयोजन संपते. पहाट झाल्यावर दिवस कसा गेला, हा या घाटाचा प्रश्नच नव्हे. ‘यमुनापर्यटन’मधील यमुनेचे शीलही असेच आरंभापासून सिद्ध आहे. ती प्रवासात इतर विधवांची दुःखे पाहते, त्यांच्याविषयी बोलते, युक्तिवाद करते; तिचा स्वतःचा स्वभाव मात्र कोठे घडताना दिसत नाही. पदमनजींच्या लेखनात नीतिमत्त्व मुख्यतः वादाच्या रूपाने अवतरते.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) बाबतीत ते संस्थेच्या रूपाने अवतरते. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतरही आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांनी कोणा धर्मगुरूच्या स्वाधीन केली नाही, हे सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारावरून स्पष्ट होते. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदासदन पुढील वर्षी पुण्यास आले, आणि पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे मुक्ती मिशन उभे राहिले. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना तेथे आश्रय मिळाला. शेती, विणकाम, छापखाना अशी कामे तेथे स्त्रियांनी केली. रमाबाईंनी केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्णपणे छापून निघाले, तेही तेथल्याच स्त्रियांच्या श्रमातून. येथे शील म्हणजे दिनक्रम. पहाटेची प्रार्थना, ठरलेले काम, सामुदायिक जेवण या शिस्तीतून उद्ध्वस्त आयुष्याला पुन्हा आकार देता येतो, हा रमाबाईंचा विश्वास होता.

वाद आणि संस्था या दोन वाटांच्या तुलनेत लक्ष्मीबाईंची वाट अगदीच घरगुती दिसते. त्यांच्याजवळ पदमनजींचे वाचन नव्हते आणि रमाबाईंचे संस्कृत पांडित्यही नव्हते. त्यांच्याजवळ एक स्वयंपाकघर होते. प्रश्न असा की, नीतिमत्त्वाची कसोटी स्वयंपाकघरात लागते तेव्हा तिचे स्वरूप काय होते?

४

‘स्मृतिचित्रे’चा आरंभ पाण्याने होतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. धुतल्याखेरीज काही शुद्ध नाही, आणि धुतले तरी पुरेसे शुद्ध नाही, अशी त्यांची अवस्था झाली, आणि तिचा जाच सगळ्या घराने सोसला. लेखिका हे सारे हसत हसत सांगते. म्हणून त्यातले भय वाचकाच्या लक्षात उशिरा येते. राजसत्तेने केलेल्या हिंसेची भीती येथे विटाळाच्या भीतीचे रूप घेऊन घरात शिरली आहे. पावित्र्याचा ध्यास माणसाला निर्दय करू शकतो, हा ग्रंथातील पहिला नैतिक धडा आहे आणि तो एका हिंदू घरातील बापाविषयी असला तरी तेवढ्यापुरता मर्यादित नाही. कोणत्याही धर्मातील धर्मशीलतेला दिलेला तो इशारा आहे.

या पार्श्वभूमीवर ‘बाटणे’ या लोकभाषेतील शब्दाकडे पाहावे. ख्रिस्ती होणे याला मराठी समाजाने दिलेले हे नाव श्रद्धेविषयी काहीच सांगत नाही. ते फक्त स्पर्श, अन्न आणि पाणी यांविषयी सांगते. ज्या समाजात धर्म पाण्याच्या भांड्यात राहतो, तेथे धर्मांतरही अखेर पाण्याच्या भांड्यातच व्हावे लागते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. तो निर्णय त्यांनी पत्नीला आधी सांगितलेला नव्हता. पुढील काही वर्षे लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांच्या आधाराने पतीपासून दूर राहिल्या, त्यांतील काही काळ पंढरपुरात गेला. त्या परत आल्या त्यादेखील आपले सोवळे घेऊनच. एकाच संसारात त्यांचे पाणी वेगळे, चूल वेगळी.

येथून पुढे जे घडते ते पालटाच्या घाटात बसत नाही. लक्ष्मीबाईंना कोणी वादात जिंकले नाही. त्यांना दृष्टान्त झाल्याचे सांगितलेले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, तो माणसाने केला असे स्वतःच ठरविले, आणि ठरल्यावर त्याप्रमाणे कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. हे बाप्तिस्म्याच्या आधी घडले, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. आचरण आधी, विधी नंतर. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यातील अर्धे काम पाण्याच्या भांड्याशी झालेले होते. साक्षीच्या रूढ घाटात बाप्तिस्मा हा कळस असतो. ‘स्मृतिचित्रे’त तो वाटेवरचा एक मैलाचा दगड आहे, कथन तेथे थांबत नाही, की आवाज चढवीत नाही.

ज्या मुलीच्या बालपणी घरात शिरणारी प्रत्येक वस्तू संशयित होती, तिचे पुढचे घर कोणालाही आत येऊ देणारे झाले, ही या ग्रंथाची आंतरिक रचना आहे. धुणाऱ्या घरापासून उघड्या घरापर्यंतचा हा प्रवास आहे. त्यासाठी लेखिकेने एकही सिद्धान्तवाक्य वापरलेले नाही. तो केवळ प्रसंगांच्या ओळीतून उभा राहतो.

५

उघड्या घराची किंमत कोण देते, हा प्रश्न संतचरित्रात सहसा विचारला जात नाही. दारी आलेल्याला सर्वस्व देणारा सत्पुरुष आपल्याला दिसतो. त्या रात्री घरात काय शिजले, हे दिसत नाही. लक्ष्मीबाई नेमके तेच सांगतात. टिळकांचे औदार्य, व्यवहाराविषयीची त्यांची बेफिकिरी आणि त्यांचा प्रसिद्ध राग, या तिन्हींची साक्षीदार पत्नी आहे. ती टिळकांना लहान करीत नाही, परंतु त्यांना चौरंगावरही बसवीत नाही. दान देणाऱ्याचे शील आणि ते दान निभावून नेणारीचे शील अशी दोन शीले या घरात एकमेकांसमोर उभी राहतात. पहिले तेजस्वी, उतावळे, प्रसंगी एकांगी. दुसरे कुरकुरणारे, हिशेबी, पण टिकाऊ. ग्रंथाची नैतिक दृष्टी दोहोंनाही जागा देते आणि कोणालाही पूर्ण गुण देत नाही.

दुष्काळ आणि प्लेगच्या काळात या घरात अनाथ मुले आली. सोवळ्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या बाईने त्यांची उस्तवार केली. या भागाचे वैशिष्ट्य असे की, येथे सेवेचा उल्लेख सेवा म्हणून क्वचितच येतो. मुलांचे हट्ट, त्यांच्या खोड्या, स्वतःच्या चुका, कंटाळा असे सारे येते. सत्कृत्याची जाणीव कर्त्याच्या मनात जितकी कमी, तितके ते सत्कृत्य स्वभावात मुरलेले. वळण पडल्याची हीच खूण. आपण सुवाच्य लिहीत आहोत, असे अक्षर वळणदार असलेल्या माणसाला लिहिताना वाटत नसते.

बालकवींचा प्रसंग या संदर्भात फार बोलका आहे. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात नावारूपास आलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे पुढे टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. धर्मांतरामुळे ज्या घराने आप्तेष्ट गमावले होते, त्या घराने एका हिंदू तरुणाला धर्माची अट न घालता आपले केले. मिशनच्या अहवालात या गोष्टीची गणना कोठे करावी? तेथे बाप्तिस्मे मोजले जातात. ‘स्मृतिचित्रे’त मात्र तिला हक्काची जागा आहे, कारण या ग्रंथात नीतिमत्त्वाचे माप घरात कोणाला जागा मिळाली हे आहे.

विनोदाचा प्रश्न येथे येऊन मिळतो. लक्ष्मीबाईंच्या विनोदाला ‘निरागस’ म्हणण्याची प्रथा आहे. हे विशेषण प्रेमाने वापरले जात असले, तरी ते लेखिकेची बुद्धी हिरावून घेते. या विनोदाचे लक्ष्य बहुधा स्वतः निवेदिकाच असते, आणि त्याचा कर्ता तिचे पुढील वय असते. वृद्ध लक्ष्मीबाई तरुण लक्ष्मीबाईंकडे पाहून हसतात. ख्रिस्ती परंपरेत स्वतःचे दोष मान्य करण्याला पापांगीकार म्हणतात. त्याची रूढ भाषा अश्रूंची आहे. लक्ष्मीबाईंनी मराठीत त्याची हसरी भाषा घडविली. अश्रूंच्या पापांगीकारात माणूस अनेकदा आपल्या पापाचे भांडवल करतो आणि तेथेही नायक होऊन बसतो. हसण्यात तो धोका कमी असतो. म्हणून हा विनोद नम्रता या सद्गुणाचे वाङ्मयीन रूप आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

६

या वाचनावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा की, हा विनोद अन्यायावर पांघरूण घालतो. पत्नीला न विचारता धर्म बदलणाऱ्या, तिला वर्षानुवर्षांच्या विरहात आणि लोकनिंदेत टाकणाऱ्या पुरुषाविषयी हसत लिहिणे म्हणजे सोशिकपणालाच शील म्हणणे नव्हे काय? ख्रिस्ती आणि हिंदू या दोन्ही परंपरांनी स्त्रीच्या सहनशीलतेचा असा गौरव भरपूर केला आहे. आक्षेप मोडीत काढता येणार नाही; परंतु संहितेकडे काळजीपूर्वक पाहिले तर लक्ष्मीबाईंनी काहीही लपविलेले नाही, हे ध्यानात येते. राग, अपमान, एकटेपण सारे पानावर आहे. वाचकाला टिळकांवर जो राग येतो तो लेखिकेनेच पुरविलेल्या पुराव्यावरून येतो. क्षमा करणे आणि झालेच नाही असे म्हणणे, यांत अंतर आहे. लक्ष्मीबाई क्षमा करतात. नोंद पुसत नाहीत. शिवाय पतीच्या मागे त्या गेल्या, त्याही त्याच्या आज्ञेवरून नव्हे, तर स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या वेळी. १८९५ आणि १९०० या दोन तारखांमधील अंतर हे त्यांच्या स्वातंत्र्याचे माप आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. सोवळे सोडणे हा ज्या कथनाचा नैतिक कणा आहे, ते ब्राह्मण स्त्रीचेच कथन असू शकते. अहमदनगर परिसरातील अमेरिकन मराठी मिशनचे बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आलेले होते. ज्यांच्या स्पर्शाला समाज विटाळ मानीत होता, त्यांना सोडण्यासाठी सोवळे नव्हतेच. त्यांच्या बाबतीत ख्रिस्ती शील म्हणजे त्याग नव्हे, तर प्रतिष्ठेचा स्वीकार : ताठ उभे राहणे, वाचावयास शिकणे, पाण्यावर हक्क सांगणे. ‘स्मृतिचित्रे’च्या उघड्या घरात ही माणसे येतात, जेवतात, वाढतात, पण घर कोणाच्या डोळ्यांनी दिसते? ते आश्रय देणारीच्या डोळ्यांनी दिसते. ज्याला आत घेतले त्याला हे घर कसे दिसले असेल, हे जाणण्याचे साधन हा ग्रंथ आपल्याला देत नाही.

ही ग्रंथाची मर्यादा आहे, आणि ती मान्य केल्याने त्याचे मोल घटत नाही. उलट त्यामुळे त्याच्या नैतिक जगाची नेमकी सीमा आखता येते. सवर्णाने आपला धर्म पाण्यातून बाहेर काढणे ही एक अवघड आणि खरी कृती आहे. परंतु ती म्हणजे न्यायाची परिपूर्ती नव्हे. न्यायाच्या मार्गातील स्वतःचा अडथळा दूर करणे होय. नीतिमत्त्वाचे जे दोन पदर आरंभी सांगितले, त्यांपैकी स्वतःची घडण हा पदर ‘स्मृतिचित्रे’त पूर्णपणे उलगडतो, समाजाचा न्याय हा पदर केवळ दारापर्यंत येतो. दलित ख्रिस्ती आत्मकथनांचा अभ्यास या दाराच्या दुसऱ्या बाजूने व्हावयास हवा, आणि तो ‘स्मृतिचित्रे’च्या शेजारी ठेवून व्हावयास हवा.

७

या ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतरांची नावे शेवटी विचारात घेण्याजोगी आहेत. जोसेफिन इंक्स्टर यांचे भाषांतर १९५० मध्ये ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने प्रसिद्ध झाले. हे शब्द पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातून आलेले आहेत. आपण अद्याप ध्येयाला पोहोचलो नसून त्याच्या मागे चाललो आहोत, असा तेथील आशय आहे. शांता गोखले यांच्या २०१७ मधील भाषांतराच्या उपशीर्षकात लक्ष्मीबाई ‘तेजस्वी पत्नी’ या रूपाने येतात. एका नावात भक्त, दुसऱ्या नावात बाणेदार स्त्री. पहिल्या नावात पतीच्या मागे चालणारी बाई असा अर्थही नकळत मिसळतो. दुसऱ्या नावात तिची श्रद्धा अदृश्य होते. लेखाच्या आरंभी ज्या विभागणीचा उल्लेख केला, ती अशा रीतीने भाषांतरापर्यंत पोहोचली आहे. मूळ मराठी नावाने मात्र यांतील कशाचाच दावा केलेला नाही. ती नुसती चित्रे आहेत : एकामागून एक, अपुरी, कोणत्याही निकालाची घाई नसलेली.

तरीही पौलाच्या त्या वचनातील अपुरेपणाची जाणीव ग्रंथाच्या प्रकृतीला जवळची आहे. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला आणि ९ मे १९१९ रोजी ते वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले, आणि ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. या घटनेतही तीच दोन शीले दिसतात. एक भव्य आरंभ करणारे, दुसरे उरलेले काम निभावून नेणारे. मराठी वाङ्मयेतिहासाने पहिल्याला नाव दिले आणि दुसऱ्याला हसरे, भोळे असे विशेषण दिले.

शीलाची गोष्ट सांगताना लेखकाला मोठ्या क्षणाचा मोह होतो, कारण मोठा क्षण सांगण्यास सोपा असतो. त्यानंतरचे रोजचे दिवस, त्यांतली माघार, पुन्हा उठणे, पुन्हा तेच भांडे घासणे, हे सांगण्यासाठी वेगळा घाट लागतो. तो लक्ष्मीबाईंनी कोणत्याही ग्रंथातून घेतला नाही. घरातल्या बायका आपली हकीकत ज्या रीतीने एकमेकींना सांगत आल्या, त्या रीतीतून त्यांनी तो उचलला आणि त्यात एका धर्माचा नवा आशय भरला. म्हणून या ग्रंथातील धर्म काढून घेऊन त्याची शैली राखता येत नाही, आणि त्यातील हसू काढून घेऊन त्याचा धर्म राखता येत नाही. समीक्षेने ही विभागणी सोडली, तर ‘स्मृतिचित्रे’ एक गोड आत्मचरित्र म्हणून उरणार नाही. मराठीत नैतिक जीवनाविषयी झालेल्या मोजक्या मूलगामी विचारांपैकी एक म्हणून ते आपल्यासमोर येईल. तो विचार पाण्याच्या घागरीशेजारी बसून झाला, एवढ्यामुळे त्याची पायरी खाली येत नाही.